पूरग्रस्त भागात डॉक्टर म्हणून जायचंय. कोणाला विचारून, काय घेऊन?

कारेलीबागकर (धागा सुरू केला, २६ सप्टेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. मी एमडी मेडिसिन, बडोद्यात स्वतःचा दवाखाना आहे. आमचं मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातलं. आता तिथे आमचं घर उरलेलं नाही, पण सीना नदीच्या पुराचे व्हिडिओ पाहिल्यापासून चैन पडत नाही. माढा, करमाळा, मोहोळ, पलीकडे धाराशिवात परंडा, भूम. शेतं, गोठे, घरं, सगळं पाण्याखाली. इथे नवरात्र रंगात आलंय आणि रोज रात्री मला गरब्याच्या मैदानावर प्रथमोपचाराची ड्यूटी आहे. मुरगळलेले घोटे बघायचे आणि लिंबू सरबत प्यायला सांगायचं.

आम्ही चार डॉक्टर मित्र आहोत: मी, एक बालरोगतज्ज्ञ, एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक भूलतज्ज्ञ. दसऱ्याला जोडून दवाखाने बंद ठेवायचे, एक मोठी गाडी करायची आणि निघायचं, असा बेत आहे. चौघांकडची सॅम्पलची औषधं एकत्र केली तर दहा-बारा खोकी सहज भरतील.

प्रश्न असे. थेट गावात जाऊन कॅम्प लावला तर चालतं का? आमची नोंदणी गुजरात मेडिकल कौन्सिलची आहे, महाराष्ट्रात काही अडचण? आणि जायला जमलंच नाही तर पैसे कुठे द्यावेत, की ते औषधोपचारालाच लागतील?

व्हॉट्सॲपवर 'डॉक्टर हवेत'चे मेसेज खूप फिरताहेत, पण त्याखाली नाव कोणाचंच नसतं.

टोपीवाला

चौघांनी जाण्यापेक्षा पेट्रोलचे पैसे पाठवा. झालं.

निवृत्त हाडवैद्य

टोपीवाल्यांनी एका ओळीत उरकलंय, पण अगदीच चुकीचं नाही. मी जरा विस्ताराने लिहितो, म्हाताऱ्याकडे वेळ असतो.

२६ जानेवारी २००१. सकाळी पावणेनऊला इथे बडोद्यातही झेंडावंदनाच्या रांगा हलल्या होत्या. संध्याकाळपर्यंत कळलं की भुजचं सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलंय. म्हणजे जखमींना जिथे न्यायचं तीच इमारत ढिगाऱ्यात. ज्युबिली मैदानावर उघड्यावर टेबलं मांडून लष्कराचे आणि गावातले डॉक्टर काम करत होते. आम्ही बडोद्याहून एका तुकडीबरोबर गेलो. त्या भूकंपात सुमारे २०,००० माणसं गेली आणि दीड लाखाहून जास्त जखमी झाली, तेव्हा हाडांच्या डॉक्टरला काम कमी पडणार नव्हतं हे खरं.

पण तिथे जे पाहिलं ते सांगतो. सर्जन भरपूर आले होते. ऑपरेशनचे निर्जंतुक सेट, प्लास्टर, एक्स-रे आणि मुख्य म्हणजे नर्स, यांचा तुटवडा होता. एक तुकडी तर तंबू, पाणी, शिधा काहीच न घेता आली होती. त्यांची राहण्या-जेवणाची सोय लावण्यात ज्या सरकारी माणसाचा अर्धा दिवस गेला, त्याने तो दिवस जखमींना अहमदाबाद-राजकोटला हलवण्यात घालवायला हवा होता. दुसरं म्हणजे, पहिल्या आठवड्यात आलेले बरेचसे लोक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात परतले. ज्यांच्या पायाला बाहेरून फिक्सेटर (मोडलेलं हाड धरून ठेवणारी पिनांची चौकट) लावला होता त्यांच्या पिनांच्या जागी पू झालेला, आणि लावणारा सर्जन कोण, कुठला, हे रुग्णाला माहीत नाही. कागद नाही. मणक्याला मार लागून कमरेखालून लुळी पडलेली माणसं, पाय कापलेली माणसं, यांना महिनोन्‌महिने फिजिओथेरपी लागते, अंथरुणात जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. तेव्हा माणसं नव्हती.

पुढे २०१० साली हैतीच्या भूकंपात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. कोणीही उठून आलं, कसल्याही तयारीविना ऑपरेशनं झाली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आपत्कालीन वैद्यकीय पथकांसाठी किमान निकष काढले. ते पुढे सुधारलेही. त्यात पथकांचे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात फक्त बाह्यरुग्ण: एका जागी बसणार असेल तर दिवसाला निदान १००, फिरतं असेल तर निदान ५०. दुसऱ्यात ऑपरेशन आणि किमान २० खाटा. तिसरा म्हणजे मोठं रेफरल हॉस्पिटल. तिन्हींना एक अट सारखी: स्वतःचं पाणी, जेवण, निवारा, वीज, औषधं आणि कचऱ्याची विल्हेवाट स्वतः करायची. स्थानिकांकडे काही मागायचं नाही.

आता तुमच्या चौघांकडे पाहा. नर्स नाही, फार्मासिस्ट नाही, राहायची सोय नाही. पहिल्या प्रकारातही बसत नाही. राग मानू नका.

शिवाय पूर आणि भूकंप यांचं वैद्यक वेगळं आहे. भूकंपात चिरडलेले स्नायू, त्यातून किडनी बंद पडणं, तुटलेली हाडं. पुरात माणूस बुडतो किंवा वाचतो, मधले जखमी त्या मानाने थोडे. आजार मागाहून येतात, आणि एकेक आपापल्या वेळाने येतो. जुलाब-उलट्या लगेच. लेप्टो (दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) साधारण एक-दोन आठवड्यांनी. पाणी साचलं की डेंगी. हिपॅटायटिस ए आणि ई, म्हणजे कावीळ, महिना-दीड महिन्याने, दिवाळी झाल्यावर. तेव्हा तुमच्यासारखा फिजिशियन तिथे असेल तर सोनं. दसऱ्याला तिथे गर्दी असेल.

भूलतज्ज्ञ मित्राला मात्र सांगा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तंबूत तुला काम मिळणार नाही.

माढ्याची लेक

मी डॉक्टर नाही. माहेर माढा तालुक्यातलं, लग्न होऊन बडोद्यात. माझी वहिनी तिकडे आशा आहे. तिच्याशी रोज फोन होतो (लाइट असली तर), म्हणून लिहिते.

लोक शाळांमध्ये आणि नातेवाइकांकडे आहेत. आरोग्य केंद्रातल्या दोघी-तिघींच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलंय, तरी त्या येताहेत. जखमी फारसे नाहीत, हाडवैद्य काका म्हणतात तसंच. म्हाताऱ्या माणसांच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या वाहून गेल्या, आणि चिठ्ठीही गेली. विचारलं, कोणती गोळी? तर "पांढरी, बारकी". रोज दिवसभर चिखलात उभं राहून पायांच्या बोटांमध्ये कुजल्यासारखं झालंय. सापांची भीती, मेलेल्या जनावरांचा वास. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात, घराघरात मेडिक्लोर (क्लोरीनचं औषध) देतात, पण पाणी तपासायला माणूस पुरत नाही.

परवा एका संस्थेची गाडी आली. व्हिटॅमिनच्या गोळ्या वाटल्या, बॅनर धरून फोटो काढले, तासाभरात गेली. त्याच बायकांचं बीपी आतापर्यंत तीन वेगवेगळ्या लोकांनी मोजलं. एकाने आकडा कागदावर लिहून दिला नाही. वहिनी म्हणाली, "आलेल्यांना चहा करण्यात दुपार गेली माझी."

डॉक्टरसाहेब, तुम्ही याच. पण तिला आधी कळवून या.

कारेलीबागकर

काका, ताई, मनापासून आभार. राग कसला! उलट बरं झालं गाडी निघायच्या आधी विचारलं.

ताई, वहिनींना कळवायचं म्हणजे अधिकृत रीत काय? कोणाची परवानगी?

माढ्याची लेक

वहिनीला विचारून सांगते: गावातली आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय हे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. कुठे काय कमी आहे ते त्यांनाच माहीत. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, तो सगळीकडे एकच, फक्त बाहेरच्या जिल्ह्यातून लावताना तिथला एसटीडी कोड आधी. तहसीलदारांकडे गेलात तर ते पुन्हा इकडेच पाठवतील.

रावपुरा मेडिकल

औषधांवर मी बोलतो, तीस वर्षं होलसेलमध्ये आहे.

सॅम्पलची खोकी नेऊ नका. कृपा करा. एका खोक्यात चाळीस ब्रँड, प्रत्येकाच्या दोन-दोन पट्ट्या, निम्म्यांची एक्स्पायरी तीन महिन्यांवर. तिथला फार्मासिस्ट रात्र जागून ते निवडणार की गोळ्या देणार? बीपीच्या ॲम्लोडिपिन पाचची दहा रुग्णांना पुरेल इतकी सलग पट्टी तुमच्या बारा खोक्यांत सापडणार नाही, आणि त्या आजींना नेमकी तीच लागणार आहे.

हे माझं दुकानदारी मत नाही. १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला, जगाने निदान ५००० टन औषधं आणि साहित्य पाठवलं. ते निवडायला ५० माणसांना सहा महिने लागले, आणि सहज ओळखता येतील अशी औषधं जेमतेम ३० टक्के निघाली. बोस्नियाच्या युद्धात १९९२ ते १९९६ दरम्यान आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन निकामी ठरली. ती जाळायचा-पुरायचा खर्च पुन्हा त्यांच्याच बोकांडी. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०१० मध्ये सुधारली. सार असं: मागितलेलंच द्या, तिथल्या यादीतलंच द्या, पोहोचेल तेव्हा एक्स्पायरीला निदान वर्ष असू द्या, खोक्यावर औषधाचं मूळ नाव असू द्या, आणि रुग्णांनी परत केलेलं किंवा फुकट सॅम्पल म्हणून आलेलं देऊ नका.

त्यांचा एक तयार आपत्कालीन संचही असतो, १०,००० लोकांना तीन महिने पुरेल असा. त्याची यादी मिळवून वाचा. किती थोडक्या औषधांत भागतं ते पाहून डॉक्टर लोक चकित होतात. (आमच्या धंद्याचे दुश्मन.)

तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याची सही असलेली यादी आणा, मी खरेदीच्या भावात देतो. जेनेरिक, एका खोक्यात एकच औषध, वर बॅच आणि एक्स्पायरी, सोबत बिल. इन्सुलिन असेल तर आधी विचारा की तिथे फ्रिज चालू आहे का.

टोपीवाला

+१. रावपुरावाले पहिल्यांदाच तोट्याचा सौदा करताना दिसले.

सिस्टर इनचार्ज

हाडवैद्य सरांनी 'मुख्य म्हणजे नर्स' असं लिहिलं, त्याबद्दल सरांना नमस्कार. चार डॉक्टर एका गाडीत आणि एकही नर्स नाही, हे वाचून हसू आलं आणि आश्चर्य मुळीच वाटलं नाही.

दोन डॉक्टर, दोन नर्स, एक फार्मासिस्ट असे जा. प्रत्येक रुग्णाच्या हातात जाड कागदाचं एक कार्ड द्या: नाव, वय, गाव, तपासल्याची तारीख, बीपी, शुगर, दिलेली गोळी मूळ नावाने, मात्रा, पुढे कधी आणि कुठे दाखवायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या, पाऊस अजून आहे. दुसरी प्रत आरोग्य केंद्राच्या वहीत. तुमचं नाव आणि नोंदणी क्रमांक कार्डावर हवाच. भुजच्या त्या फिक्सेटरवाल्याकडे असं कार्ड असतं तर?

धनुर्वाताचं इंजेक्शन स्वतः घेऊन मगच निघा. डॉक्टर मंडळी स्वतःची लस कधी घेतली हे कधीच सांगू शकत नाहीत.

दांडिया बाजारचा सीए

कायदा आणि पैसे, दोन्ही.

आपल्याकडे बऱ्याच डॉक्टरांचा समज असतो की संकटात मदत करणाऱ्याला 'भला नागरिक' म्हणून कायद्याचं संरक्षण आहे. ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये आहे, २०१९च्या दुरुस्तीने आलं, आणि फक्त रस्ते अपघातांपुरतं आहे. पुराला लागू नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, कलम ७३ पाहा. सरकार किंवा जिल्हा प्राधिकरण, त्यांचे कर्मचारी, तसंच त्यांच्या वतीने काम करणारी व्यक्ती, यांनी सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण आहे. 'त्यांच्या वतीने' हे सिद्ध कशाने होणार? कागदाने. म्हणून जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा शल्यचिकित्सक यांच्याकडून दोन ओळींचं पत्र घ्या: अमुक डॉक्टर, अमुक तारखांना, अमुक केंद्रात सेवा देणार. गुजरातच्या नोंदणीचा प्रश्नही त्याच पत्राच्या वेळी मांडा आणि उत्तर लेखी घ्या. दुसऱ्या राज्यात स्वतःच्या नावाने कॅम्प लावणं आणि तिथल्या सरकारी केंद्रात त्यांच्या देखरेखीखाली बसणं यात फरक आहे. नोंदणीची, पदवीची प्रत आणि ओळखपत्र जवळ ठेवा. प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी दवाखान्याबाहेरच्या, फुकट केलेल्या कामाला लागू आहे का, हे विमा कंपनीला ईमेलवर विचारा, फोनवर नको.

पैसे. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि मुख्यमंत्री मदत निधी यांना दिलेल्या रकमेवर आयकर कायद्याच्या ८०जी कलमाखाली १०० टक्के वजावट, पण जुनी करपद्धत निवडली असेल तरच. नव्या पद्धतीत काही नाही. रोख २००० रुपयांपेक्षा जास्त दिलं तर वजावट नाही. औषधं, कपडे, वस्तू दिल्या तर त्यांवर वजावट नाही. तुमच्या वेळेवर तर नाहीच. ओपीडी बंद ठेवून बुडालेलं उत्पन्न हा तुमचा प्रेमाचा खर्च.

संस्थेला द्यायचं असेल तर ८०जीचं प्रमाणपत्र चालू आहे का ते पाहा, आणि मागच्या आपत्तीत गोळा केलेल्या पैशांचा हिशेब मागा. प्रामाणिक संस्था एका दिवसात पाठवते.

न्यू जर्सीचा बडोदेकर

बडोदा मेडिकल कॉलेजचा जुना विद्यार्थी. इथे आम्ही पाच-सहा बॅचमेट पैसे काढतोय. माझ्या नावावर अजून भारतीय पासपोर्ट आहे, बाकीचे अमेरिकन नागरिक आणि ओसीआय कार्डवाले (भारतीय वंशाच्या विदेशी नागरिकांचं कार्ड). सगळ्यांचे पैसे एकत्र करून बडोद्यातल्या एका ट्रस्टला पाठवले तर?

दांडिया बाजारचा सीए

एकत्र करू नका. भारतीय नागरिक परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतो, ती विदेशी देणगी धरली जात नाही. ओसीआय कार्ड असलं तरी तो माणूस विदेशी नागरिकच, त्याची देणगी एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येते. त्या ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी नसेल तर तिने ती घेणं हाच गुन्हा. ट्रस्ट आयुष्यभर कोर्टात फिरेल. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला या कायद्यातून सूट आहे. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री साहाय्यता निधीलाही यंदाच्या मे महिन्यात एफसीआरएची मंजुरी मिळाली आहे. तुम्ही तुमचे वेगळे द्या, त्यांनी त्यांचे वेगळे द्यावेत.

न्यू जर्सीचा बडोदेकर

बरं झालं विचारलं. आमच्यातला एक तिकीट काढून यायलाही निघाला होता. इकडचं लायसन्स, भारतातली नोंदणी कधीच सुटलेली.

निवृत्त हाडवैद्य

मग त्याला सांगा, तिकिटाचे पैसे पाठव. इथे नोंदणीशिवाय रुग्ण तपासायचा नाही, कितीही मोठा प्रोफेसर असो.

समा रोडची वहिनी

मला पुराच्या दुसऱ्या बाजूचं लिहायचंय. २०२४चा ऑगस्ट आठवतो ना सगळ्यांना? बडोद्याच्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी गेलं ३५च्या वर. आमच्या सोसायटीत पहिला मजला बुडाला, मगरी रस्त्यावर, जरोदहून एनडीआरएफच्या बोटी. २०१९ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला तेव्हाही पाहिलं होतं, पण हे फार झालं.

खालच्या मजल्यावरच्या काकांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यांना बोटीतून काढलं. शेजारच्या मुलीचं इन्सुलिन, लाइट नाही, फ्रिज बंद. तिची आई रडायला लागली. कोणीतरी एका डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले, वापरात असलेली बाटली थंड सावलीत महिनाभर टिकते, मडक्यात ठेवा, घाबरू नका. दोन मिनिटांचा फोन. त्यांनी त्या दिवसांत असे किती फोन घेतले असतील कोण जाणे, घरातून हललेसुद्धा नाहीत.

आणि आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातच कमरेएवढं पाणी होतं. टेबल, ईसीजी मशीन, ऑटोक्लेव्ह (अवजारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), सगळ्या फायली गेल्या. पाणी ओसरल्यावर कॅम्पवाले आले, मोफत तपासून गेले. पण आम्हाला आमचे डॉक्टर परत हवे होते. शेवटी फतेगंजच्या एका डॉक्टरांनी सकाळचे तीन तास स्वतःचा दवाखाना त्यांना वापरायला दिला. ही मदत कुठल्या बातमीत आली नाही.

माढ्याकडेही असे लहान दवाखाने बुडाले असतीलच. त्यांना एक ऑटोक्लेव्ह, एक फ्रिज, एक इन्व्हर्टर कोणी दिलं तर?

कारेलीबागकर

वहिनी, हे डोक्यातच आलं नव्हतं. मोफत कॅम्प लावून आपण तिथल्या बुडालेल्या डॉक्टरचे उरलेसुरले रुग्णही पळवतो, असाही त्याचा अर्थ होतो.

फोनवरून सल्ल्याबद्दल: २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर तपासू शकतो, अमुक गोळ्या पहिल्याच फोनवर लिहायच्या नाहीत वगैरे बंधनं पाळून. समोर आशाताई किंवा नर्स असेल तर बरंच सोपं जातं. आमचा भूलतज्ज्ञ यात बसेल का, माहीत नाही, पण बालरोगतज्ज्ञ नक्की.

मनमोकळं

मानसोपचार करतो. दोनच मुद्दे.

कॅम्पमध्ये लोकांना गोल बसवून "काय झालं ते सविस्तर सांगा, मन मोकळं करा" हे करू नका (माझ्या आयडीवर जाऊ नका). घटनेनंतर लगेच असं सगळं उकरून काढण्याचा फायदा होत नाही, काहींना त्रास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका आहे: आधी पाहा, मग ऐका, मग योग्य ठिकाणी जोडून द्या. बोलायचं नसेल त्याच्याजवळ नुसतं बसा. बेपत्ता माणूस, नुकसानभरपाईचा पंचनामा, जनावरांचा चारा, याची खरी माहिती मिळवून देणं हाच तिथे उपचार.

ज्या शेतकऱ्याची मातीच वाहून गेली, त्याच्या डोक्यात काय चाललंय हे तपासताना थेट विचारा: जगणं नकोसं वाटतंय का? विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. टेलि-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही. तो सिस्टरच्या कार्डावर छापा.

इंटर्न आहे मी

सर, आम्ही हॉस्टेलचे आठ-दहा जण यायला तयार आहोत. काहीही काम करू.

सिस्टर इनचार्ज

बाळा, तुझी नोंदणी तात्पुरती आहे, ती इंटर्नशिपपुरती. स्वतंत्रपणे रुग्ण तपासता येत नाही. कॉलेजने अधिकृत पथक पाठवलं तर त्यातून जा. नाहीतर इथे राहून रावपुरा मेडिकलमध्ये खोकी भर, कार्डं छापून आण. सरकारची 'आपदा मित्र' प्रशिक्षणाची योजना आहे, पुढच्या पावसाच्या आत ते कर. विश्वामित्री कुठे पळून जात नाही.

कारेलीबागकर (२८ सप्टेंबर)

कळवतो. १०७७ वरून आरोग्य विभागापर्यंत पोहोचलो. त्यांचं म्हणणं, आत्ता या आठवड्यात येऊ नका, पथकं आहेत, आणि आज पुन्हा पाऊस सुरू आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून मात्र आरोग्य केंद्रात फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ सलग आठवडाभर बसणारे हवेत. पत्र देतो म्हणाले. सगळ्यांनी एकदम न येता आळीपाळीने यावं, ही त्यांची विनंती.

तर आता बेत असा. दिवाळीनंतर पहिल्या आठवड्याला मी, दुसऱ्याला बालरोगतज्ज्ञ. मी नसेन तेव्हा माझी ओपीडी इथला एक मित्र संध्याकाळी सांभाळेल, त्याच्या वेळेला मी. स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रीण इथूनच फोनवर, नवव्या महिन्यातल्या बायकांची यादी आशाताई देणार. भूलतज्ज्ञ म्हणाला, "मी पैसे देतो आणि गाडी चालवतो." त्याच्या पैशांतून एका बुडालेल्या दवाखान्याला ऑटोक्लेव्ह, वहिनींचं म्हणणं त्याला पटलं.

दोन नर्सही तयार झाल्या. सिस्टर, त्यांचा रोजचा पगार आम्ही देतोय, फुकट नाही.

सिस्टर इनचार्ज

अस्सं. आता जमलं.

टोपीवाला

आणि फोटो?

कारेलीबागकर

काढणार नाही. पंचनाम्यासाठी कोणाला त्याच्या घराचा काढून हवा असेल तर त्याच्याच मोबाइलवर काढून देऊ.

माढ्याची लेक

वहिनीला वाचून दाखवलं. ती विचारते, पाण्यात उतरणाऱ्या लोकांना ती लेप्टोची गोळी सरसकट वाटायची का? गावात सगळे मागताहेत.

निवृत्त हाडवैद्य

सरसकट नाही. डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, चिखलात-पाण्यात सतत काम करणाऱ्या मोठ्या माणसांना, तेही तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवलं तर. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ही गोळी नाही. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका जळते. गोळी घेतली म्हणून गमबूट काढायचे नाहीत. ताप आला आणि पोटऱ्या दुखल्या तर गोळी घेतलेली असली तरी दवाखान्यात.

पाण्याचंही वहिनींना सांगा: टीसीएल टाकल्यावर अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात किती क्लोरीन उरलंय ते पाहायची), पुराच्या काळात लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. ही टेस्ट करायला डॉक्टर लागत नाही. कारेलीबागकरांचा ड्रायव्हर-भूलतज्ज्ञ आठवडाभर तेच करू शकतो.

कारेलीबागकर

हा हा, सांगतो त्याला. औषधांची सही झालेली यादी आज आली. रावपुरा मेडिकल, तुम्हाला पाठवली आहे. सतरा औषधं आहेत फक्त. सॅम्पलची खोकी तशीच पडून आहेत, त्यांचं काय करू?

रावपुरा मेडिकल

एक्स्पायरी झालेली बायोमेडिकल वेस्टवाल्याला द्या. बाकीची तुमच्याच गरीब रुग्णांना द्या, त्यासाठीच दिली होती कंपनीने. यादी पाहिली. शुगरची मेटफॉर्मिन आणि बीपीची ॲम्लोडिपिनच सगळ्यात जास्त, बघा, म्हटलं होतं. ओआरएस त्यांच्याकडे पुरेसं आहे असं खाली लिहिलंय, म्हणून ते काढलं. माल गुरुवारपर्यंत तयार ठेवतो. बिल कोणाच्या नावाने काढू, तुमच्या की आरोग्य केंद्राच्या?

दांडिया बाजारचा सीए

खरेदीचं बिल डॉक्टरांच्या नावाने. सोबत आरोग्य केंद्राच्या नावाने भेटपत्र, आणि माल मिळाल्याची त्यांची सही-शिक्क्याची पोच घेऊन या.